मनाचं अंगण : व्याख्यानाआधी विचारपूस



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या सोसायटीत, गावात किंवा मुलांच्या शाळेत गेल्या वर्षभरात मानसिक आरोग्यावर एखादा कार्यक्रम झाला का? झाला असेल तर तो कसा झाला असेल, याचा अंदाज बांधता येतो. रविवारची सकाळ. हॉलमध्ये फ्लेक्स. पाहुण्यांना पुष्पगुच्छ. तासाभराचं व्याख्यान, शेवटी 'ताण घेऊ नका, सकारात्मक राहा' हा सल्ला, मग ग्रुप फोटो आणि चहा-समोसे.

आता दुसरा प्रश्न. ज्याला त्या दिवशी खरोखर मदत हवी होती, तो माणूस त्या खुर्च्यांवर होता का? बाळंत होऊन दोन महिने झालेली, कारण न कळता रडू येणारी सून आली होती का? हप्ते थकलेला रिक्षावाला? दहावीच्या निकालाच्या धास्तीने जेवण टाकलेला मुलगा? चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकटे बसणारे आजोबा? बहुतेक वेळा अशा कार्यक्रमाला येतात ते त्यातल्या त्यात बरे असलेले लोक. ज्याचं मन खरंच खचलेलं असतं, त्याच्यात आंघोळ करून, कपडे बदलून चार लोकांत येऊन बसण्याचंही बळ नसतं.

मग काय करायचं? एखाद्या वस्तीचं मन सांभाळायचं असेल, तर आधी त्या वस्तीला विचारावं लागतं. काय सलतंय, कुणाला सलतंय, त्याला तुम्ही काय म्हणता आणि मदत कुठे मिळाली तर घ्याल? या उत्तरांवरून उपक्रम आखला, तर तो योग्य माणसापर्यंत पोहोचतो. ही नुसती चांगली कल्पना नाही. आपल्या अमरावतीत, गोव्यात, नाशिकच्या पेठ तालुक्यात आणि इथे तामिळनाडूत हे काम लोकांनी प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

डेंग्यूसारखा विचार करा

डेंग्यू आला की आपण काय करतो? तिघा-चौघांना ताप आल्यावर फक्त दवाखान्यात खाटा वाढवत नाही. घरोघर जाऊन कूलर, कुंड्या, टाक्या तपासतो, साचलेलं पाणी काढून टाकतो. ज्या गल्लीत रुग्ण सापडला, तिथे जास्त लक्ष देतो. ताप आलेल्याची लगेच रक्ततपासणी करतो. म्हणजे काही काम सगळ्यांसाठी, काही जास्त धोका असलेल्यांसाठी आणि काही नुकतीच लक्षणं दिसू लागलेल्यांसाठी.

मनाच्या आजारांचा प्रतिबंधही अशाच तीन पायऱ्यांनी होतो. शाळेतल्या सगळ्या मुलांना भावना ओळखायला शिकवणं ही पहिली पायरी. नुकतीच बाळंत झालेली बाई, नापास झालेला विद्यार्थी, पीक बुडालेलं कुटुंब, जोडीदार गमावलेली वृद्ध व्यक्ती यांच्याकडे मुद्दाम लक्ष ठेवणं ही दुसरी. आणि ज्याची झोप-भूक उडाली आहे, कामात मन लागत नाही, त्याला आजार बळावण्याआधी हात देणं ही तिसरी. या तिन्ही पायऱ्यांवर फक्त मनोविकारतज्ज्ञच उभा असावा असं नाही. तेवढे तज्ज्ञ आपल्याकडे नाहीतही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात तामिळनाडू होतं, महाराष्ट्र नव्हता. साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मानसिक आजाराचा त्रास होता, असं दिसलं. नैराश्य किंवा चिंतेसारखे नेहमी आढळणारे आजार असलेल्या १०० जणांपैकी ८० हून अधिक जणांना उपचार मिळतच नव्हते. दवाखाना दूर, खर्च परवडत नाही, 'लोक काय म्हणतील' ही भीती, अशी याची कारणं आहेतच. पण एक कारण आपल्या नजरेतून निसटतं. हा आजार आहे आणि याला मदत मिळू शकते, हेच अनेकांना ठाऊक नसतं.

अमरावतीचा 'विश्राम'

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. कर्ज, नापिकी, भाव यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या घरातल्या माणसांच्या मनाचं काय चाललंय, हे गावपातळीवर कुणी विचारत नव्हतं. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास मांडला.

आधी त्याचं नाव बघा. विश्राम म्हणजे 'विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम'. नावात नैराश्य नाही, मनोरुग्ण नाही. आहे तो ताण, आणि मराठीत वाचलं तर विसावा. गावातली बाई 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'टेन्शन आहे', 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात विचार थांबत नाहीत', 'कशातच मन लागत नाही'. कार्यक्रमाने तिची भाषा बोलली, की ती दार उघडते.

कामाची रचना तीन थरांची होती. पहिला थर गावातच राहणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांचा. त्यांनी छोट्या गटांत बसून लोकांशी ताणाबद्दल बोलायचं, कोण त्रासात आहे ते ओळखायचं आणि त्याला पहिला आधार द्यायचा. दुसरा थर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांचा. ते डॉक्टर नव्हते, पण ठरलेल्या पद्धतीने काही भेटी घेऊन बोलत आणि गरज असेल तर पुढे पाठवत. तिसरा थर मनोविकारतज्ज्ञांचा, ज्यांना औषधोपचार लागतील त्यांच्यासाठी. म्हणजे शहरातल्या तज्ज्ञाचा वेळ फक्त त्याच लोकांसाठी वापरला गेला, ज्यांना तो खरंच हवा होता.

फरक पडला का? सुरुवातीला आणि १८ महिन्यांनी गावांत पाहणी झाली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्के झालं. म्हणजे सहापट. नैराश्य असलेल्यांचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आलं. मागच्या वर्षभरात जीव नकोसा होण्याचे विचार आले, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं.

असे आकडे वाचताना एक सवय लावून घ्या. 'तुलना कशाशी केली?' हे विचारा. इथे त्याच भागातली आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली होती. त्यामुळे पाऊसपाणी, भाव अशा इतर गोष्टींचाही परिणाम असू शकतो. पण मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आपोआप सहापट होत नाही. मदत चालत जाण्याइतकी जवळ आली, ओळखीच्या माणसाकडून आली आणि आपल्या भाषेत आली, म्हणून लोक आले.

तरीही दर चार जणांपैकी जवळपास तिघं मदतीपर्यंत पोहोचले नाहीत. चांगल्या कार्यक्रमाचीही मर्यादा कळावी, म्हणून हेही सांगते.

डॉक्टर नसलेली माणसं हे करू शकतात?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली मुलगी मनाच्या आजारात काय मदत करणार?

याचं उत्तर गोव्यात शोधलं गेलं. 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली 'मानस' हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आरोग्यक्षेत्राची कसलीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसवलं. नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेल्या रुग्णाला त्या आजार समजावून सांगत, धीर देत, गरज असेल तर ठरलेल्या पद्धतीचं समुपदेशन करत. डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ पाठीशी होतेच. सहा महिन्यांनी पाहिलं, तर अशी सोय असलेल्या सरकारी केंद्रांत १०० पैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते. ही सोय नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२-४३.

मजेची गोष्ट म्हणजे खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. म्हणजे तोच उपक्रम एका जागी चालतो आणि दुसऱ्या जागी त्याची तितकी गरज नसते. 'अमक्या गावात चाललं म्हणून आमच्याकडेही चालेल' हे गृहीत धरता येत नाही. आपल्या जागेचा अभ्यास आपल्यालाच करावा लागतो.

हाच विचार जगात इतरत्रही झाला. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना सोबत घेतलं. आरोग्यकेंद्राच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि तिच्याशी बोलायला आलेला माणूस. त्यांच्या शोना भाषेत या त्रासाला शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार. आपली आजी म्हणते ना, 'विचार करून करून पोखरून घेतलंय स्वतःला', तेच. या बाकाची पुढे रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे चांगले निष्कर्ष जगासमोर आले. आजीच का? कारण ती वस्तीत कायम असते, तिला सगळे ओळखतात आणि तिच्याजवळ जाऊन बसलं तर कुणी भुवया उंचावत नाही.

पेठचे मित्र आणि मोबाइलवरच्या फिल्म

आता नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात चला. बहुतांश आदिवासी वस्ती, डोंगराळ भाग. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने इथल्या ४१ गावांत २०१३ पासून 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. गावातल्या ज्या लोकांकडे इतर जण आपोआप मन मोकळं करायला जातात, अशांना शोधून प्रशिक्षण दिलं. काही जण 'मित्र', त्यांचं काम त्रासातल्या माणसाला ओळखणं. काही जण 'चॅम्पियन', त्यांचं काम चार-सहा भेटींत शांतपणे बोलणं आणि आधार देणं. त्यांच्या हातात स्मार्टफोन, त्यात छोट्या फिल्म. घरातलं दारूचं व्यसन, नवरा-बायकोची भांडणं, बेकारी असे रोजचे विषय. फिल्म बघता बघता माणूस म्हणतो, 'हे तर आमच्याच घरातलं आहे.' आणि बोलणं सुरू होतं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे चॅम्पियन लोकांना सरकारी योजनांचे लाभ मिळवून द्यायलाही मदत करत. विधवेचं पेन्शन अडलं असेल आणि चूल पेटण्याची पंचाईत असेल, तर तिला 'दीर्घ श्वास घ्या' सांगून किती फरक पडेल? फॉर्म भरून द्यायला कुणी सोबत आलं, तर त्या रात्री तिला झोप लागण्याची शक्यता जास्त. गावाला विचारल्याशिवाय हे कळत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत बसून आखलेल्या कार्यक्रमात पेन्शनचा फॉर्म येत नाही.

तामिळनाडूने दाखवलेल्या दोन वाटा

चेन्नईकर वाचकांना 'स्नेहा' हे नाव ओळखीचं असेल. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली ही आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था. स्वयंसेवक फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत लोकांचं ऐकून घेतात. ऐकता ऐकता या लोकांना कळलं, की काही संकटं पुन्हा पुन्हा एकाच काळात, एकाच कारणाने येतात. मग तिथेच उपाय का करू नये?

पहिली वाट परीक्षेची. निकाल लागला की मुलांवर संकट कोसळायचं, कारण एका विषयात राहिलं तर अख्खं वर्ष वाया. निकालानंतर लवकरच पुन्हा परीक्षा देता आली तर? तामिळनाडूने अशी पुरवणी परीक्षा सुरू करावी यासाठी 'स्नेहा'ने पाठपुरावा केला आणि ती सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातही दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर काही आठवड्यांत होऊ लागली, त्यामुळे मुलाला त्याच वर्षी पुढच्या वर्गात जाता येतं. हे समुपदेशन नाही, औषध नाही. वेळापत्रकातला बदल आहे. पण एका पंधरा वर्षांच्या मुलासाठी 'सगळं संपलं' आणि 'अजून दीड महिना आहे' यात किती अंतर आहे, हे तुम्हीच ठरवा. तुमच्या घरात या वर्षी दहावी-बारावीचं मूल असेल, तर पुरवणी परीक्षेबद्दल त्याला निकालाच्या आधीच सांगून ठेवा.

दुसरी वाट शेतीच्या विषारी औषधांची. ती घरातच, हाताशी असतात. रागाच्या किंवा निराशेच्या एका झटक्यात माणसाचा हात तिथे जातो. हा झटका बहुतेकदा थोड्या वेळचा असतो, तेवढा वेळ निघून गेला तर जीव वाचतो. डॉ. विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी कडलूर जिल्ह्यातल्या दोन गावांत ही औषधं एका मध्यवर्ती जागी, प्रत्येक कुटुंबाच्या स्वतंत्र कुलूपबंद पेटीत ठेवण्याची सोय केली. पेटीच्या किल्ल्या दोन, एक कुटुंबाकडे आणि एक सांभाळणाऱ्याकडे. शेजारच्या दोन गावांशी तुलना केली, २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते आशा वाढवणारे होते. अभ्यास लहान होता, पण लोकांनी ही सोय आपली मानली. कारण आधी त्यांच्याशी बोलणं झालं होतं.

तुमचं घर शेतीचं असेल, तर ही गोष्ट आजच करता येईल. फवारणीची औषधं राहत्या घरात ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या माणसाकडे द्या.

समजा, पेरुंगुडीत असा उपक्रम आखायचा आहे

आता हे सगळं एका जागेला लावून बघू. दक्षिण चेन्नईतलं पेरुंगुडी घ्या. ओएमआर रस्त्याच्या कडेला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, त्यांच्या मागे उंच फ्लॅट, मध्ये जुनी वस्ती, पलीकडे कचऱ्याचा डेपो आणि पळ्ळिकरणैची पाणथळ जागा. थोडं पुढे गेलं की कण्णगी नगर, जिथे शहराच्या झोपडपट्ट्यांतून उठवलेल्या हजारो कुटुंबांचं पुनर्वसन झालं. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग चक्रीवादळ, दोन्ही वेळा हा भाग पाण्याने वेढला गेला.

एकच पिनकोड, पण इथे किती वेगवेगळी मनं राहतात बघा. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री काम करणारा तरुण. बांधकामावर आलेला ओडिशाचा मजूर. कण्णगी नगरहून भांडी-धुण्याला येणारी अम्मा, जिचा शेजार एका रात्रीत तुटला. पाऊस जोरात आला की अजूनही कागदपत्रं वरच्या कपाटात हलवणारी गृहिणी. आणि मुलगा-सून चेन्नईत आहेत म्हणून साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा. यांना खाली बागेत बोलायला कुणी नाही. वॉचमन हिंदी बोलतो, शेजारी तमिळ बोलतात आणि नातू इंग्रजी.

या सगळ्यांसाठी एकच योगशिबिर पुरेल? मग पाच पायऱ्यांनी जाऊ.

पहिली पायरी, ऐकणं. कागद-पेन घेऊन नव्हे, गप्पा मारत. वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका, औषध दुकानदार, शाळेची आया, इस्त्रीवाला, अंगणवाडी सेविका यांना विचारा, 'इथे लोकांना सगळ्यात जास्त काय छळतं? कुणाची काळजी वाटते?' औषध दुकानदाराला विचारलंत तर झोपेच्या गोळीसाठी कोण वारंवार येतं याचा अंदाज तो देईल. नावं मात्र विचारू नका.

दुसरी पायरी, मोजणं. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती, हे विचारणाऱ्या नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जगभर वापरतात. ती स्वतःच्या मनाने वाटत सुटू नका. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाची किंवा सामाजिक कार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयाची मदत घ्या. तिच्यात जीव नकोसा होण्याबद्दलही एक प्रश्न आहे. ज्याचं उत्तर 'हो' येईल, त्याच्याशी त्याच दिवशी बोलायला माणूस तयार नसेल, तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. परवानगी घेऊन विचारा, उत्तरं गुप्त ठेवा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यातलं अक्षरही जाऊ देऊ नका.

तिसरी पायरी, निवडणं. सगळं एकदम होत नाही. समजा ऐकण्यातून असं दिसलं, की एकट्या पडलेल्या वृद्धांचा प्रश्न मोठा आहे. मग पहिलं वर्ष फक्त त्यांच्यासाठी.

चौथी पायरी, योग्य माणूस आणि योग्य जागा शोधणं. वृद्धांसाठी क्लब हाऊसमधला कार्यक्रम नको, खालचा बाक हवा. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेली वेळ, ठरलेलं माणूस. भाषा वेगळी असेल तर त्या भाषेचा माणूस. मराठी आजोबांना मराठी बोलणारी एक निवृत्त शिक्षिका दुसऱ्या टॉवरमध्ये राहत असते, फक्त दोघांची ओळख नसते. त्यांची गाठ घालून देणं हाही प्रतिबंधच. बाकावर बसणाऱ्याला तज्ज्ञाकडून प्रशिक्षण द्या आणि त्याचं मन भरून आलं तर त्याने कुणाशी बोलायचं, हेही ठरवून ठेवा. इतरांचं दुःख ऐकणारा माणूसही थकतो.

पाचवी पायरी, पुन्हा मोजणं. वर्षाने तेच प्रश्न पुन्हा विचारा. 'किती लोक आले' यापेक्षा 'ज्यांना गरज होती त्यांच्यातले किती आले' हा आकडा महत्त्वाचा. अमरावतीत ४.३ चे २७.२ झाले, ते याच प्रश्नाचं उत्तर होतं. काही फरक पडला नसेल, तर मान्य करून उपक्रम बदला.

विचारायचं कसं?

कार्यक्रम होईल तेव्हा होईल. आज आपल्या घरात, शेजारात कुणाचं काही बिनसलंय असं वाटत असेल तर?

'कसे आहात?' याला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे, 'मजेत!' म्हणून प्रश्न नेमका विचारा. 'काका, हल्ली खाली दिसत नाही. झोप लागते का नीट?' 'ताई, बाळ झाल्यापासून तुझं जेवण कमी झालंय. मनात काय चाललंय?' झोप आणि भूक यांबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. तिथून वाट सापडते.

मग ऐका. 'आमच्या काळी असलं काही नव्हतं', 'तुला कशाची कमी आहे?', 'देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल' ही वाक्यं गिळून टाका. समोरचा गप्प बसला तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा.

कुणी 'आता जगून काय करायचं' असं म्हणालं, तर विषय बदलू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याचा माणसाला आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर करा, घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगा आणि सोबत डॉक्टरकडे जा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिची काळजी घेणं, तिचं पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि एक नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा : १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली. मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. स्वतःसाठी फोन करता येतो, तसाच 'माझ्या वडिलांशी कसं बोलू?' हे विचारायलाही करता येतो. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

या आठवड्याचं काम

दर वेळेप्रमाणे एक छोटं काम देते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना जमेल असं.

तुमच्या मजल्यावरच्या, गल्लीतल्या किंवा वाडीतल्या पाच घरांची यादी करा. प्रत्येक घरातल्या कुणाशी तुमचं शेवटचं नीट बोलणं कधी झालं, ते समोर लिहा. जिथे तुम्हाला आठवणारच नाही, त्या घराची बेल वाजवा. निमित्त लागेल तर वाटीभर शिरा न्या, नाहीतर दह्याचं विरजण मागा. मुलांनो, तुम्ही त्या घरातल्या आजोबांना फोनवर मराठी बातम्या कशा लावायच्या ते दाखवा.

जे ऐकाल ते गुपित म्हणून जपा. पण एकाच प्रकारची अडचण तीन घरांत ऐकू आली, तर सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत, कुणाचं नाव न घेता, ती मांडा. व्याख्यान ठेवण्याआधी ती चर्चा होऊ द्या.

पुढच्या अंकात भेटू. तोवर स्वतःची आणि शेजारच्यांची काळजी घ्या.